लांजेवारांनी पदरचा घातलेला शब्द

लांजेवारांजवळ निरोप ठेवताना फार जपून बोलावं लागे, कारण तो जसाच्या तसा पोचायचा. एकदा आमच्या दूधवाल्यानं खाली त्यांनाच गाठून काहीतरी सांगितलं. लांजेवार जिना चढून वर आले, चप्पल बाहेर काढून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, दूधवाला म्हणे, उद्या येत नाही. मग जरा खोकलला. मग म्हणे, परवाचंही काही खरं नाही. मग म्हणे, ह्या मॅडम भलत्या कटकट्या आहे, त्याईले आत्ताच सांगून ठेवा."

शेवटचं वाक्य गाळलं असतं तरी चाललं असतं, असं मी म्हटलं.

"गाळाचं होतं तर मले सांगितलं काहून त्यानं?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मी दूधवाला त्या महिन्यातच बदलला.

हे लांजेवार आमच्या खालच्या मजल्यावर दुभाषी होते. मनीषनगरातलं आमचं घर दोन मजली. यजमान गेल्यावर खालचा मजला नुसता पडून होता, तिथं नाडीपट्टीचं केंद्र भाड्यानं आलं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. वर विज्ञान आणि खाली भविष्य, असं म्हणून माझ्या जुन्या मैत्रिणींनी मला सळो की पळो करून सोडलं. भाडेकरू शांत आहेत, नळ बंद करायला विसरत नाहीत, एवढं मला पुरे, असं मी त्यांना सांगत असे. खरं म्हणजे दिवसभर खाली माणसांची जाग असते याचंच मला बरं वाटे, पण ते कबूल कोण करणार.

तिथली पद्धत अशी. पुरुष असेल तर उजव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा द्यायचा, बाई असेल तर डाव्या हाताच्या. तो घेऊन मुरुगेशन आतल्या खोलीत जाई. मुरुगेशन म्हणजे पट्टी वाचणारा, तमिळनाडूतून आलेला पस्तिशीचा किडकिडीत माणूस. येणारे लोक त्याला स्वामीजी म्हणत, लांजेवार नुसतं मुरुगेश म्हणत. ठशातल्या रेषा बघून तो ताडपत्रांची एक जुडी बाहेर आणी. तेलानं काळपटलेल्या, दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब पट्ट्या, दोन लाकडी फळ्यांमध्ये दोरीनं आवळलेल्या. मग एकेक पट्टी उलटत प्रश्न सुरू होत. वडील हयात आहेत का? भावंडं तीन का? एका जरी गोष्टीला नाही म्हटलं तरी ती पट्टी बाजूला आणि पुढची हातात. सगळ्याला हो मिळालं, आईबापांची नावं जुळली, की ही तुमची पट्टी. ऋषींनी ती केव्हाच लिहून ठेवलेली असते, आणि तुम्ही आज इथं येऊन बसणार हेसुद्धा तिच्यात असतं, असं सांगत. मग मुरुगेशन ती जुन्या तमिळ पद्यात तालावर म्हणे, आणि त्याची ओळ संपली की लांजेवार ती आपल्या भाषेत सांगत. सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून माणसाला देत. पट्टी सापडलीच नाही, तर काही महिन्यांनी पुन्हा या म्हणत.

लांजेवार मूळचे अजनीचे, रेल्वे क्वार्टरात वाढलेले. शेजारच्या कमलम् मावशींच्या स्वयंपाकघरात त्यांचं अर्धं लहानपण गेलं, आणि तमिळ ते तिथंच शिकले. "माझी तमिळ चुलीजवळची आहे," ते म्हणत. "मावशीनं पहिले शिव्या शिकवल्या, मग सांबार." पुढं ते स्वतः रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. पद्यातली जुनी तमिळ त्यांनी मुरुगेशनच्या आधीच्या एका म्हाताऱ्या वाचकाजवळ बसून, शब्द वहीत उतरवून पक्की केली. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात कापडी पिशवी, आणि वाचनाला बसण्याआधी न चुकता मागच्या नळावर भरलेली चूळ. देवाधर्माचं असेल म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "तोंडात आपलं काही राहू नाही."

बसायचेही ते समोर नाही, बाजूला, भिंतीकडे बघत. आवाज सपाट. चांगलं आलं तरी तोच, वाईट आलं तरी तोच. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या बैठकीच्या बरोबर वर होती, त्यामुळे पोळ्या लाटता लाटता मी नागपुरातल्या निम्म्या घरांची दुःखं ऐकली. एकदा मी त्यांना सरळच विचारलं, "लांजेवार, तुमचा ह्यावर विश्वास आहे का?"

"मॅडम, मी एवढी वर्षं पार्सल ऑफिसात होतो. पार्सल उघडाचं नसते. ज्याचं आहे त्याले द्याचं."

मुरुगेशनला त्यांचा हा काटेकोरपणा परवडणारा नव्हता, हे माझ्या लवकरच ध्यानात आलं. काटोलचे एक संत्र्यांचे व्यापारी आले होते, पोट पुढं, बोलणं त्याच्याही पुढं. मुरुगेशननं विचारलं, धंदा फळांचा आहे का? लांजेवारांनी ते सांगितलं, आणि व्यापारी सुरू झाले. हो जी, संत्र्याचा, वडलांनी सुरू केला, वडील परसराम, ते गेल्याला सहा वर्षं झाली, भाऊ वेगळा निघाला, त्याची बायको तशीच. लांजेवारांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"भाऊ, हो म्हणा नाही तर नाही म्हणा. बस. तुमची पट्टी तुम्हीच वाचून राहिले, मग स्वामीजीनं काय कराचं?"

वर माझ्या हातातलं लाटणं थांबलं. व्यापारी दोन मिनिटं गप्प बसले, आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा मुलीच्या सासरपर्यंत जाऊन आले. त्यांची पट्टी अर्थातच लगेच सापडली. मुरुगेशन त्या दिवशी लांजेवारांशी बोलला नाही. मी मात्र तेव्हापासून त्यांना चार वाजता वर चहाला बोलवायला लागले. बशीत ओतून, फुंकर न घालता, निवण्याची वाट बघत पिणारा माणूस.

पण हा जसंच्या तसंचा हट्ट काही नुसता गमतीचा नव्हता. त्यानं एका घराची काय दशा केली ते मला ठाऊक आहे. बँकेतले एक गृहस्थ आले होते, बायको आणि मुलगी बरोबर. पट्टीच्या अध्यायांपैकी आयुष्याच्या अध्यायात मरणाच्या वयाचा आकडा आला. मुरुगेशननं तो पद्यात म्हटला, आणि लांजेवारांनी भिंतीकडे बघत सांगितलं, "अठ्ठावन्न." ते गृहस्थ सत्तावन्नचे होते. बायकोनं बाहेर पडताना हात जोडून विनवलं, काही वेगळं नाही का त्यात, नीट पाहा ना जी. लांजेवार म्हणाले, जे होतं ते सांगितलं.

दीड वर्षानं त्यांची मुलगी एकटीच आली. बाप धडधाकट होता. पण ते सगळं वर्ष त्यानं मरणाची तयारी करण्यात घालवलं होतं, आणि त्या तयारीत हिला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातून उठवून घाईघाईनं उजवून टाकलं होतं. ते लग्न चार महिनेही टिकलं नाही. ती भांडायला आली नव्हती. जिन्याच्या पायरीशी उभी राहून एवढंच म्हणाली, "काका, एक आकडा खाल्ला असता तर तुमचं काय गेलं असतं?"

त्या दिवशी लांजेवार चार वाजता वर आले आणि बशीतला चहा तसाच ठेवून गेले. मला त्या मुलीची दया आली, आणि त्यांचा रागही आला. मी तो बोलून दाखवला. माणसापेक्षा तुमचं ते पार्सल मोठं झालं का, असं काहीतरी टोचून बोलले. शिक्षकाच्या जिभेला धार असतेच, आणि ती नेमकी नको तिथं चालते.

यानंतर महिन्याभरात वंदना आली. बुटीबोरीकडची, पस्तिशीची, अंगानं बारकी. तिचा नवरा तिकडच्या एका सूतकारखान्यात होता. सकाळच्या पाळीला म्हणून घरून निघाला तो कारखान्यात पोचलाच नाही. सहा महिने झाले होते. पोलिसांत तक्रार देऊन झाली, नातेवाइकांकडे शोधून झालं, देवळं झाली. घरी सासू आणि नववीतली मुलगी. हरवलेल्या माणसाची पट्टी त्याच्या ठशावरून काढता येते, असं तिला कोणी सांगितलं होतं. म्हणून दोघांच्या नावानं घेतलेल्या प्लॉटच्या खरेदीखताची प्रत तिनं आणली होती, तिच्यावर नवऱ्याचा अंगठा होता.

मी खिडकीशीच होते. मुरुगेशननं प्रश्न विचारायचा आणि तिनं सगळंच सांगून टाकायचं, असं चाललं होतं. मी वाट बघत होते, आता लांजेवार हात वर करतील. त्यांनी केला नाही. अर्ध्या तासात पट्टी सापडली. मुरुगेशननं वाचलं, लांजेवारांनी सांगितलं. या माणसाला प्रवास आहे. घराचा वियोग आहे. पत्नीला चिंता आहे. पुढचं या पट्टीत नाही, ते शांतीच्या, म्हणजे उपायांच्या अध्यायात येईल. एवढं झाल्यावर मुरुगेशन दोरी गुंडाळायला लागला.

वंदना मुरुगेशनकडे बघत नव्हती. तिनं लांजेवारांना विचारलं, "येतीन ना जी ते?"

लांजेवार म्हणाले, "येतीन."

त्या दिवशी चहाला आले ते दारातच थांबले. "मॅडम, आज मी एक शब्द आपल्या पदरचा घातला."

मला ऐकून बरं वाटलं. आता लिहायलाही लाज वाटते, पण खरोखर बरं वाटलं. माझ्या टोचण्याचा उपयोग झाला म्हणायचा. मी म्हटलं, "एका शब्दानं काही आभाळ कोसळत नाही, लांजेवार. बाई रडत आली होती, हसत गेली. या, आत बसा."

ते बसले. जरा वेळानं म्हणाले, "अजून एक आहे. सरकारी कागदावर पुरुषाचा डावा अंगठा घेतात. आपल्याले उजवा लागते. मुरुगेशनं पाहिलं नाही, मी बोललो नाही."

तेही मी हसण्यावारी नेलं.

वंदना मग दर दोनतीन महिन्यांनी येऊ लागली. पट्टीसाठी नाही, लांजेवारांना भेटायला. संक्रांतीला तिळगूळ घेऊन, मुलगी दहावीत गेली ते सांगायला, कधी नुसतीच. कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला काम मिळालं होतं. तिचं रूप पालटलं होतं, हे मान्य करायला हवं. केस नीट, साडी नीट, कपाळाला ठसठशीत कुंकू. वाचनाचं रेकॉर्डिंग तिच्या मोबाइलमध्ये होतं आणि रोज सकाळी कामाला निघण्याआधी ती ते ऐके, देवाची पोथी ऐकावी तसं. हे तिनंच आम्हाला अभिमानानं सांगितलं. ती फाटकातून दिसली की लांजेवार आतल्या खोलीत जात आणि मुरुगेशनला सांगत, मी नाही असं म्हण. पण मुरुगेशनला मराठीत नाही म्हणणं नीट जमत नसे.

दीडेक वर्ष असं गेलं. मग एका दुपारी ती आली ती हसतच. लांजेवार माझ्याकडे वर चहाला बसले होते, म्हणून तीही वर आली.

"काका, गंमत सांगते. पोलिसांचा फोन आला होता. तिकडं नदीच्या काठी कोणाचं तरी प्रेत सापडलं होतं म्हणे, लय दिवस झाले. जाळूनही टाकलं. त्याचे कपडे ठेवले आहे, पाहाले या, सही करा. मी म्हटलं, माझा माणूस जिवंत आहे, मी काहून येऊ दुसऱ्याचे कपडे पाहाले? ठेवून दिला फोन." आणि शाबासकीसाठी बघावं तसं तिनं लांजेवारांकडे बघितलं. "बरोबर केलं ना?"

लांजेवारांच्या बशीतला चहा सांडला. मी फडकं आणायला उठले, तेवढंच निमित्त. परत आले तेव्हा वंदना गेली होती आणि ते तसेच बसले होते.

"तो तोच असन असं नाही, मॅडम."

"नाही."

"पण तोच असन तं?"

 आभाळ कोसळत नाही म्हणणारी मीच होते.

त्यानंतर लांजेवार दुसरेच झाले. वाचनात अडखळू लागले. एक ओळ सांगितली की मुरुगेशनला पुन्हा म्हणायला लावत, मग पुन्हा. येणारी माणसं कंटाळून जात. शेवटी त्यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे मार्ग काढला, तो नियमाचा. वंदनाला बोलावून घेतलं आणि माझ्यादेखत सांगितलं, "ऐक वं बाई. पुरुषाचा उजवा अंगठा लागते. तुझ्या कागदावर डावा होता. म्हणजे ती पट्टी तुझ्या माणसाची नव्हतीच. त्याच्यातलं काही धरू नको. पोलिसाईकडे जाऊन ये."

तिनं मान हलवली. मला वाटलं, सुटली. मग म्हणाली, "असं आहे का. मग मी उजवा आणते."

आणि ती खरोखर उजव्या अंगठ्याच्या मागं लागली. कारखान्याच्या ऑफिसात गेली, बँकेत गेली, नवऱ्याच्या गावच्या शाळेत जाऊन आली. सगळीकडे सही, नाही तर डावा अंगठा. तिसऱ्या आठवड्यात आली तेव्हा तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. माझ्या टेबलावर ठेवून तिनं ते जपून उलगडलं. आत स्टीलचा पेला होता. तळाशी पाण्याचा पांढरा डाग.

"त्या दिवशी सकाळी याच्यानं पाणी प्याले ते," ती म्हणाली. "मी धुतलाच नाही. सासूलेही हात लावू देत नाही. उजव्या हातानंच धरते ना माणूस पेला? याच्यावर असन पाहा."

मला तिथं उभं राहवेना. मी आयुष्यभर मुलांना ठसे, काच, भिंग सगळं शिकवलं होतं, आणि त्या पेल्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. लांजेवारांनी बघितलं. मग खुर्ची ओढून ते पहिल्यांदाच तिच्या अगदी समोर बसले.

"वंदना, पट्टीत तो शब्द नव्हता. येतीन, हा माझा शब्द आहे. मी घातला."

"तुमचा कसा?"

"मुरुगेशनं म्हटलाच नाही. तू विचारलं आणि मी बोललो."

ती हसली, एखाद्या पोराची समजूत घालावी तशी. "तुमच्या तोंडून निघाला म्हणजे कोणी वदवला असन ना, काका. तुम्ही तं आपल्या मनाचं बोलतच नाही. सारेच सांगतात."

आता मात्र लांजेवार हरले असं मला वाटलं. त्यांची सगळ्या जन्माची कमाईच त्यांच्या आड आली होती. पण त्यांनी हात पुढं केला. "मोबाइल दे. लाव ते."

तिनं लावलं. माझ्या बैठकीत मुरुगेशनचा आवाज आला, तालावर. मग लांजेवारांचा. मुरुगेशन, लांजेवार. मुरुगेशन, लांजेवार. पत्नीला चिंता आहे. पुढचं या पट्टीत नाही. मग लाकडी फळ्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज. मग वंदनाचा प्रश्न, आणि लगेच, लांजेवार.

"माझ्याआधी मुरुगेशचा आवाज आहे का?" त्यांनी विचारलं.

तिनं मागं नेऊन पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. रोज सकाळी ऐकत होती ती, तोंडपाठ होतं तिला सगळं. तरी तिसऱ्यांदा ऐकताना तिनं मोबाइल कानाला लावला, दोन आवाजांच्या मध्ये काहीतरी बारीक राहून गेलं असेल असं वाटून. त्या मध्ये काहीच नव्हतं.

"मग काहून म्हटलं तुम्ही?"

"तू माझ्याकडं पाहून राहिली होती," लांजेवार म्हणाले.

तिनं पेला पुन्हा कागदात गुंडाळला. घाई केली नाही, चारी बाजू दुमडल्या. मग जिना उतरून गेली. लांजेवार दुसऱ्या दिवसापासून कामावर आले नाहीत. मुरुगेशननं महिनाभर दुसरा दुभाषी बघितला, मिळाला नाही, आणि तो जुड्या पेटीत भरून आपल्या गावी गेला.

त्या पेल्याच्या दिवसानंतर आठ दिवसांनीच मला वंदनाचा फोन आला होता. पोलिसांकडे जायचं आहे, बाईमाणूस बरोबर असलेलं बरं, तुम्ही याल का. मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "काकालेही आणा."

शेजारच्या जिल्ह्यातलं ठाणं, बसनं अडीच तास. आम्ही तिघं एका ओळीतल्या सीटवर बसलो. लांजेवारांची दाढी वाढली होती. ठाण्यातल्या या दिवसानंतर त्यांना मी पुन्हा पाहिलं नाही. पुढं ते भावाकडे भंडाऱ्याला राहायला गेले आणि तिथंच वारले, असं खूप उशिरा कळलं. म्हणून तो दिवस मी इतका धरून ठेवला आहे.

जमादार वयस्कर होते, बोलायला सौम्य. कपडे पावसाळ्यात कुजून गेले, फेकावे लागले, असं त्यांनी ओशाळून सांगितलं. फोटो होता, पण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पंचनामा मात्र होता. त्यांनी तो फाइलीतून काढला. हातानं लिहिलेला, घाईतल्या लिपीतला, शाई फिकी पडलेली. वंदना चौथीपर्यंत शिकलेली. तिनं तो उलटसुलट बघितला.

"मले हे अक्षर नाही लागत."

मी हात पुढं केला. वाचायचं म्हणजे शिक्षिकेचं काम, असं मला आपलं वाटलं. पण तिनं कागद माझ्या हाती दिला नाही.

"काका वाचतीन," ती म्हणाली.

लांजेवारांनी कागद घेतला. आवाज तोच सपाट निघाला. अनोळखी पुरुष. वय अंदाजे चाळीस ते पंचेचाळीस. बांधा मध्यम. ते अवघड सरकारी शब्द वाचत, आणि लगेच तिच्या भाषेत सांगत. शरीराच्या स्थितीचं वर्णन आलं तिथं ते थांबले.

"थांबू नका," वंदना म्हणाली. "सारं वाचा."

त्यांनी सारं वाचलं. मी खिडकीकडे तोंड करून उभी होते. शर्ट, फिकट निळा, बटणं दोन तुटलेली. पॅन्ट, करड्या रंगाची. उजव्या खिशास आतून हिरव्या दोऱ्याचे टाके.

"पुन्हा वाचा."

"उजव्या खिशाले आतून हिरव्या दोऱ्याचे टाके."

"हिरवाच लिहिलं आहे?"

"हिरवा."

ती काही वेळ जमादारांच्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "खिसा फाटला होता," ती म्हणाली. "कामाले जाची घाई होती. घरात तेवढा कारखान्यातला हिरवा दोराच होता. ते म्हणे, लोकं हसतीन. मी म्हटलं, आतून आहे, कोण पाहते." मग तिनं मान वर केली. "तो टाका माझा आहे."

जमादारांनी तिला पाणी दिलं. ते तिनं हातात धरून ठेवलं, प्यायली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तोही तिला कळला की नाही कोण जाणे. "पुढं वाचा, काका," ती म्हणाली, आणि लांजेवारांनी पुढं वाचलं. जागेच्या चतुःसीमा, नदीचं पाणी किती होतं ते, पंचांची नावं, वय, राहणार कुठले, वेळ. शेवटच्या सहीपर्यंत.

मग जमादारांनी तिचा जबाब लिहून घेतला. अर्धा तास लागला. खाली थोडी जागा सोडून त्यांनी कागद लांजेवारांकडे सरकवला. पंचनामा तुम्ही वाचून दाखवला ना, मग तसं लिहा आणि नाव घाला, म्हणजे झालं.

लांजेवारांनी पेन घेतला, टेकवला, आणि पुन्हा उचलला. ते वंदनाकडे वळले.

"जसंच्या तसं वाचलं, असं लिहू का?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, किक मारल्याचे आवाज येत होते.

"लिहा," वंदना म्हणाली.

लांजेवारांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, आणि कागदावर वाकून सावकाश लिहायला लागले.